जानोशातला नवरदेव

अकोल्यातल्या कौलखेडात "शिरसाट कुठे राहतात?" असं विचारलं, की समोरचा आधी उलट विचारतो, "कोणते? समुद्रवाले का?" मग हात लांब करून घर दाखवतो. अकोल्याहून खरा समुद्र गाठायचा तर रात्रभर रेल्वेत बसावं लागतं. देवमनभाऊ शिरसाटांचा समुद्र मात्र त्यांच्या बैठकीत, दिवाणाला लागून, पाच फुटी काचेच्या टाकीत उभा आहे. घरात कूलर एकच. उन्हाळाभर त्याचं तोंड त्या टाकीकडे असतं आणि माणसं वर्तमानपत्राने वारा घेतात.

देवमनभाऊंची सारी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून गेली, बहुतेक दर्यापूर-अकोला फेऱ्यांवर. आवाज खणखणीत. "पुढं चला, पुढं चला, मांगं मोकळं करा!" हे वाक्य त्यांनी इतक्यांदा म्हटलं असेल, की निवृत्तीनंतरही ते तोंडातून सुटतं. बँकेच्या रांगेत उभे असले तरी म्हणतात, आणि गंमत म्हणजे लोक सरकतातही. नियमाला पक्के. सख्ख्या साळ्यालाही त्यांनी कधी बिनतिकिटाचं नेलं नाही, आणि वर त्यालाच "सुटे काढा" म्हणून दटावलं.

अशा माणसाला समुद्राचं वेड लागलं ते पुतण्याच्या लग्नात. लग्न मुंबईला होतं. दुसऱ्या दिवशी सगळे मत्स्यालय पाहायला गेले. पाहुणे अर्ध्या तासात पाहून बाहेर आले, देवमनभाऊ आतच. एका काचेपुढे असे थिजून उभे, की मागे गर्दी तुंबली आणि शेवटी पहारेकरी म्हणाला, "काका, पुढे चला." जन्मात पहिल्यांदा हे वाक्य त्यांना दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं लागलं.

त्यांच्या थिजण्याला कारण होतं. त्यांचं गाव दर्यापूरजवळ, खारपाणपट्ट्यात. विहिरीचं पाणी खारट. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, संत्र्याचं रोप लावलं तर पहिल्या वर्षीच मान टाकतं. "खाऱ्या पाण्यानं नुकसानच होते, हेच आमी पाह्यलं," ते सांगत. "अन् तिथं राजेहो, खाऱ्या पाण्यात रंगपंचमी सुरू!"

घरी येऊन त्यांनी टाकी बसवली. ही बातमी गावाकडे गेली तेव्हा थोरले भाऊ देवानंद खास पाहायला आले. समुद्राचं पाणी कसं तयार करतात ते त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग कपाळावर हात मारला.

"म्हंजे गोड पाण्याच्या कॅना इकत आणाच्या?"

"हो."

"त्याच्यात इकत आणलेलं मीठ टाकाचं?"

"हो, पण ते समुद्राचं मीठ असते भाऊ, येगळं."

"अन् मंग म्हणाचं, का खारं पाणी तयार झालं! आरे लेका, मले फोन केला असता त घरच्या इहिरीचा टँकर पाठवला असता. गाव गोड पाण्यासाठी आयुष्यभर बोंबललं, अन् तू चांगलं पाणी नासवून राहिला!"

"आपल्या पाण्यात नुस्तं खारेपण हाये भाऊ. समुद्राच्या खारेपणाले माप असते," देवमनभाऊ म्हणाले. देवानंदभाऊंना ते पटलं नाही. गावात गेल्यावर त्यांनी ही गोष्ट इतकी रंगवली, की दर्यापूरच्या जीपगाड्यांत अजून ती सांगितली जाते.

पहिल्या वर्षी टाकीत सात-आठ मासे झाले. मग देवमनभाऊंनी एक निळीशार मासोळी आणली आणि पिशवी फोडून थेट टाकीत सोडली. चार-पाच दिवसांत तिच्या अंगावर पांढरे कण दिसू लागले, जणू कुणी रवा भुरभुरला. मग दुसरीच्या अंगावर, तिसरीच्या. आठवडा संपता संपता टाकीत एकच मासोळी उरली. नारिंगी, अंगावर तीन पांढरे पट्टे. देवमनभाऊ दोन दिवस जेवले नाहीत. "गाडी भरून नेली अन् एक पॅसेंजर घेऊन डेपोत आलो," एवढंच म्हणाले.

त्यांच्या पत्नी केशरबाईंनी तोवर या टाकीला कधी चांगलं म्हटलं नव्हतं. कूलर गेला म्हणून राग होताच. शिवाय टाकीतून काढलेलं पाणी एकदा त्यांनी कढीपत्त्याला घातलं होतं, पाणी वाया जायला नको म्हणून. तर बहरलेलं झाड आठवड्यात वाळून काडी झालं. तेव्हापासून त्या टाकीकडे पाठ करून बसत. पण ती एकटी उरलेली मासोळी, केशरबाई भाजी निवडायला बसल्या की नेमकी त्या बाजूच्या काचेशी यायची आणि तोंड उघडमीट करायची. केशरबाईंनी दोन-तीन दिवस पाहून न पाहिल्यासारखं केलं. चौथ्या दिवशी म्हणाल्या, "काय वं? मेथी खातं का?" झालं. केशरबाईंचं माहेर वरूडचं, संत्र्यांच्या मुलखातलं. त्यांनी मासोळीचं नाव ठेवलं संत्री.

आणि मग त्यांचा धोशा सुरू झाला. "अजी, एकटी हाये ते. तिच्यासाठी जोडीदार पाहा."

देवमनभाऊंची छाती होईना. पुन्हा नवी मासोळी आणायची म्हणजे पुन्हा ते पांढरे कण. ही एक उरली होती, हीही गेली तर केशरबाईंना तोंड कसं दाखवायचं? शेवटी त्यांनी अमरावतीच्या किशोरला फोन लावला. किशोरचं तिथे माशांचं दुकान. समुद्रातले मासे तो मुंबईहून मागवून देतो.

"आणतो ना काका," किशोर म्हणाला. "लहानसा आणतो. या जातीत सारे आधी नरच असतात. जो मोठा होते, तो मादी बनते. तुमची मोठी हाये, म्हंजे ते आता बाई. हा लहान आला का नर राहीन."

फोन मोठ्या आवाजावर होता. केशरबाई म्हणाल्या, "म्हंजे घरात जे मोठं, ते बाई?"

"हो काकू."

"लय समजदार जात हाये."

"पण काका," किशोरचा आवाज बदलला, "या टाइमले डायरेक्ट टाकसान, त मी मासोळी देत नाई. सांगून ठेवतो. महिनाभर येगळ्या टाकीत. बिमारी अंगात असली का तिथंच निघते, अन् तिथंच औषध देता येते. मोठ्या टाकीत औषध टाकलं त गोगलगायी, शेवाळ, सारं मरते."

देवमनभाऊंनी मागच्या खोलीत जुनी लहान टाकी मांडली. तिच्यात वाळू नाही, दगड नाही. पाणी, बुडबुडे काढणारा स्पंज, आणि लपायला म्हणून नळकामातला करड्या रंगाचा एक तीन तोंडांचा पाइप. ती तयारी पाहायला शेजारच्या शैलावहिनी आल्या. त्यांचे यजमान उद्धवराव वकील. दोघं भिंतीपलीकडे राहतात.

"अगंबाई, नवरदेवाला संडासाचा पाइप?" शैलावहिनी म्हणाल्या.

"जानोसा हाये तो," केशरबाईंनी लगेच बाजू घेतली. "लग्नघर तिकडं. नवरदेव आधी जानोशात उतरत नसते का? तसंच."

त्या दिवसापासून त्या लहान टाकीचं नाव जानोसा पडलं.

नवरदेव आणायला देवमनभाऊ स्वतः अमरावतीला गेले. परतीच्या गाडीत मांडीवर थर्माकोलची पेटी. कंडक्टर शिवम, अगदी तरणाबांड, त्यांना ओळखणारा.

"जयभीम काका. काय हाये पेटीत?"

"मासोळी. जिती. हिचं लगेज काट."

"काका, पाव किलोचंही नाई ते."

"कोंबडीचं काटतं का नाई?"

"काटतो."

"मंग इचं काहून नाई? जिता जीव हाये."

शिवमने मशीन इकडून तिकडे फिरवलं. त्यात कोंबडी होती, बकरी होती, समुद्रातली मासोळी नव्हती. मागचे प्रवासी हसू लागले. एक बाई म्हणाल्या, "अर्धं द्या, अजून लहान हाये म्हणा." मूर्तिजापूर येईपर्यंत वाद चालला. शेवटी शिवमने हात जोडले आणि देवमनभाऊंनी नाराजीने पेटी मांडीवरच ठेवली. नियम नसलेला प्रवासी आपण घेऊन चाललो आहोत, हे त्यांना अकोल्यापर्यंत बोचत राहिलं.

घरी आल्यावर पिशवीतला नवरदेव त्यांनी एका भांड्यात घेतला आणि सलाइनची बारीक नळी लावून जानोशाचं पाणी त्यात थेंब थेंब सोडू लागले.

"आता हे काय?" केशरबाईंनी विचारलं.

"दुकानातलं पाणी येगळं, आपलं येगळं. एकदम टाकलं त त्याले झटका बसते. हळूहळू सवय लावाची."

केशरबाई पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुमच्या मायनंही असंच केलं होतं."

"काय?"

"मी लग्न होऊन आली त पह्यल्या दिशी तुमच्या घरचा च्या तोंडात घेतला अन् थुकला. इतका खारा! तुमच्या मायनं पाह्यलं, पण काई बोलली नाई. माह्यासाठी येगळा माठ मांडला. आधी सारं गोड पाणी, दुरून आणलेलं. मंग त्यात एक गिलास इहिरीचं. मंग दोन गिलास. मले कळूच दिलं नाई बुढीनं. सहा महिन्यानं माहेरी गेली, त तिथला च्या फिक्का लागला मले."

देवमनभाऊंना ही गोष्ट माहीत नव्हती. त्यांनी नळीची गाठ अजून थोडी आवळली, थेंब आणखी सावकाश केले.

जानोशाचे नियम त्यांनी घरभर ऐकवले. जाळी वेगळी, पाण्याचा मग वेगळा, नळी वेगळी. आधी संत्रीचं करायचं, मग जानोशाचं. उलट कधीच नाही. जानोशात हात घातला तर कोपरापर्यंत साबणाने धुवायचा. "एक थेंबही तिकडचा इकडं आला नाई पाह्यजे. थेंब बिनतिकिटाचा पॅसेंजर असते. दिसत नाई, पण गाडीत असते."

कॉलनीतल्या बाया नवरदेव पाहायला येऊ लागल्या. "पोरगा बरा आहे हो," शैलावहिनी म्हणाल्या, "पण अंगाने किरकोळ." आणि पदराखालून वाटी काढली. वाटीत बारीक शेव होती.

"वैनी! हे काय?"

"जानोशात रिकाम्या हाताने यायचं का देवमनभाऊ?"

देवमनभाऊंनी वाटी अडवली, पण त्या दिवसापासून शैलावहिनी त्यांच्या नजरेखाली आल्या. त्या आल्या की ते मागोमाग खोलीत जाऊन उभे राहत, तपासणीचं पथक गाडीत चढावं तसे.

एप्रिल लागला आणि अकोल्याचं ऊन चढलं. जानोशाचं थोडं थोडं पाणी देवमनभाऊ रोज बदलत. काढलेलं पाणी न्हाणीत बादलीत उभं राही. अकोल्यात नळ रोज येत नाही; पाणी ओतून देणं इथल्या माणसाच्या हाताला येतच नाही. झाडांना घालायची सोय नव्हती, कढीपत्त्याने शिकवलं होतं. तरी बादली भरलेली राहायची. लागेल कशाला तरी.

एका दुपारी लाइन गेली. कूलर बंद, पंखा बंद. मोठ्या टाकीवरच्या तापमापकातला आकडा चढू लागला. केशरबाई शैलावहिनींकडे गेल्या होत्या. देवमनभाऊंनी खांद्यावरचा दुपट्टा काढला. वऱ्हाडात उन्हाळ्यात दुपट्ट्याशिवाय माणूस घराबाहेर पडत नाही. डोक्याला बांधायला तोच, घाम पुसायला तोच, आणि फारच तापलं तर ओला करून अंगावर घ्यायला तोच. ते न्हाणीत गेले, समोरच्या बादलीत दुपट्टा बुडवला, घाईघाईने पिळला आणि टाकीच्या तोंडावर झाकणासारखा पसरला. मग वर्तमानपत्र घेऊन लाइन येईपर्यंत वारा घालत बसले. आकडा उतरला. आपल्या हुशारीवर ते इतके खूश झाले, की पुढचे दोन-तीन दिवस लाइन गेली की त्यांनी हेच केलं.

एकदा केशरबाईंना म्हणालेसुद्धा, "काहून वं, दुपट्टे नीट खंगाळत नाई का तू? पापडावानी कडक झाला हा."

"साबण बदलला," केशरबाई म्हणाल्या. साबण बदलला नव्हता, पण भांडायला वेळ नव्हता.

त्याच आठवड्यात नवरदेवाच्या अंगावर कण दिसले. दोन कल्ल्याजवळ, एक शेपटीवर. देवमनभाऊंनी घाबरून फोन लावला, पण किशोर उलट खूश झाला. "याच्यासाठीच त येगळा ठेवला काका! आता तांब्याचं औषध सुरू करा. पण मोजून. कमी पडलं त किडा मरत नाई, जास्त झालं त मासोळी मरते." देवमनभाऊ रोज सकाळी चष्मा लावून काचेच्या कुपीत पाणी घेत, रंग बघत आणि थेंब मोजून औषध घालत. भीती होती, पण मनात थोडा अभिमानही होता. बिनतिकीट प्रवासी दारातच पकडला होता.

मग एका सकाळी केशरबाई मेथी घेऊन बसल्या आणि त्यांनी हाक मारली. आवाज असा, की देवमनभाऊ हातातली कुपी तशीच घेऊन धावले.

संत्रीच्या पाठीवर रव्याचे दोन कण होते.

देवमनभाऊ दिवाणावर बसले. पहिल्या वर्षीचा तो आठवडा त्यांच्या डोळ्यांसमोरून गेला. मग ते उठले आणि चौकशी सुरू झाली.

"जानोशाची जाळी कोणी वापरली?"

"कोणी नाई," केशरबाई म्हणाल्या.

"तू हात धुतला होता?"

"मी जानोशात हातच घालत नाई."

"मंग वैनीनं शेव टाकली असन. अन् त्याच हातानं इकडं—"

शैलावहिनींना भिंतीवरून बोलावण्यात आलं. त्या उद्धवरावांना घेऊनच आल्या. "मी त्या दिवसानंतर वाटी आणलीच नाही," त्या म्हणाल्या, "तुम्ही असे पाठीशी उभे राहता, मला तर पाहायचीही भीती वाटते."

"आरोप करायचा तर पुरावा हवा देवमनराव," उद्धवराव म्हणाले.

"पुरावा हा काय! टाकीत आला ना आजार? पायानं चालत आला का? घरात मी अन् हे दोघंच. मी नियम सोडत नाई. म्हंजे राह्यलं कोण?"

हे बोलून झालं आणि देवमनभाऊंनाच ते जरा जास्त वाटलं. पण शब्द सुटला होता. केशरबाईंनी मेथीची परात उचलली आणि त्या आत गेल्या. शैलावहिनी त्यांच्या मागे गेल्या.

थोड्या वेळाने केशरबाई बाहेर आल्या. हातात दोरीवरून काढलेला दुपट्टा होता. त्यांनी तो टीपॉयवर ठेवला. दुपट्टा घडी होऊन पडला नाही. पत्र्यासारखा तिरका उभा राहिला. त्याच्यावर पांढऱ्या रेघांचे नकाशे उमटले होते.

"चाटून पाहा," त्या म्हणाल्या.

"काय?"

"चाटा म्हणते ना."

देवमनभाऊंनी दुपट्ट्याचं टोक जिभेला लावलं. खारट होतं.

"हा घाम नोय," केशरबाई म्हणाल्या. "घामानं दुपट्टा उभा राहात नाई. कोणत्या पाण्यात भिजवला?"

देवमनभाऊंनी न्हाणीच्या दाराकडे पाहिलं. बादली तिथेच होती, काठोकाठ. त्यांनी मोठ्या टाकीकडे पाहिलं. मागच्या काचेवर, दुपट्टा टाकत तिथे, वाळलेल्या ओघळांच्या पांढऱ्या रेघा होत्या. रोज त्यांच्या डोळ्यांसमोर होत्या त्या.

उद्धवरावांनी सवयीने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, शैलावहिनींनी त्यांना कोपराने ढोसलं.

"पाणी फेकवत नाई ना हातानं," देवमनभाऊ शेवटी म्हणाले. आवाज खाली गेला होता. "भरलेली बादली दिसली, बुडवला."

"तेच म्हणते."

"कंडक्टरनंच बिनतिकिटाचा पॅसेंजर आणून बसवला." ते उठले, आत गेले, चार कप चहा करून घेऊन आले. पहिला केशरबाईंपुढे धरला, दुसरा शैलावहिनींपुढे. देवमनभाऊंनी घरात चहा केल्याचं कुणाच्या आठवणीत नव्हतं. चहात साखर घालायची राहिली होती, तरी सगळ्यांनी कप संपवले.

किशोर म्हणाला, आता संत्रीलाही जानोशात आणा, दोघांना एकत्र औषध; आणि मोठी टाकी अडीच महिने मासोळीशिवाय ठेवा, म्हणजे अंग न मिळाल्याने तिथला किडा आपोआप संपेल.

संत्रीला पकडण्यात अख्खी दुपार गेली. ती एका दगडामागून दुसऱ्या दगडामागे. उद्धवराव बॅटरी धरून उभे होते. "डावीकडे! नाही, आमच्या डावीकडे! पक्षकार उजवीकडून पसार!" शेवटी सगळे दगड बाहेर काढून परातीत, घमेल्यात, कुकरमध्ये ठेवावे लागले. एवढं करूनही संत्री जाळीत येईना. केशरबाई नेहमीच्या जागी येऊन बसल्या, काचेवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "ये वं माय." ती त्या बोटापाशी आली. देवमनभाऊंनी मागून जाळी उचलली.

"आता हे माह्यावर इस्वास ठेवणार नाई," केशरबाई म्हणाल्या.

जानोशात नवी पंचाईत. संत्री मोठी, घर लहान. तिने नवरदेवाला एकच धडक दिली आणि तो पाइपात घुसला. केशरबाईंनी स्वयंपाकघरातून भोकांची प्लॅस्टिकची टोपली आणली, नवी कोरी. नवरदेवाला टोपलीत घालून टोपली पाण्यात टांगली. शैलावहिनी म्हणाल्या, "हा तर अंतरपाट झाला."

"आमच्यात नसते तो," केशरबाई म्हणाल्या, "पण राहू द्या, कामाचा हाये."

मग जे दिवस गेले, त्यांत विनोद थोडाच होता. संत्री खायची बंद झाली. तळाशी एका कुशीवर राहून जोरजोरात श्वास घ्यायची. देवमनभाऊ सकाळी कुपीतला रंग बघत, संध्याकाळी पुन्हा बघत. काढलेलं पाणी आता ते थेट गटारीत ओतत, आणि ओतताना तोंड दुसरीकडे करत. केशरबाईंनी भाजी निवडायची जागा बदलली. जानोशासमोर पाट टाकला. बैठकीत मोठी टाकी दिवे लावून, दगड पुन्हा रचून रिकामी उभी. पाहुणे येत, तिच्यापुढे वाकून मासोळी शोधत.

"कुठी गेल्या सगळ्या?"

"नवरदेव-नवरी दोघंही जानोशात हायेत," केशरबाई सांगत. "मांडव रिकामा."

एका सकाळी केशरबाईंनी नेहमीसारखा खाण्याचा एक बारीक कण चिमटीतून सोडला. तो खाली जात होता. संत्री उठली, वळली, कण तोंडात घेतला, बाहेर टाकला आणि पुन्हा घेतला. केशरबाईंनी हाक मारली नाही. नुसता हात मागे करून देवमनभाऊंची बंडी धरून ओढली. दोघं बघत राहिले. संत्रीने दुसरा कण खाल्ला.

पाठीवरचे कण गेले. कल्ले संथ झाले. मग टोपली काढली. नवरदेव बाहेर आला, संत्रीसमोर थांबला आणि एकाएकी सगळ्या अंगाने थरथर कापू लागला.

"याले काय झालं? पुन्हा बिमार?" केशरबाई घाबरल्या.

"नाई वं. किशोर म्हणे, लहान मोठीपुढं असाच कापते. म्हंजे तू मोठी, मले कबूल हाये, असं सांगते."

"मंग उशिरा घरी येत तवा तुमी दारात उभे राहात, तसंच."

संत्रीने यावेळी धडक दिली नाही. ती वळून पाइपात गेली. जरा वेळाने नवरदेवही गेला. दोन तोंडांतून दोन शेपट्या दिसत होत्या.

अडीच महिने भरले तेव्हा पावसाळा लागलेला होता. दोघांना मोठ्या टाकीत सोडायचं म्हणून शैलावहिनी, उद्धवराव आले. देवानंदभाऊ गावाहून आले, येताना विहिरीचं पाणी कॅनभर आणलं, "आहेर" म्हणून. देवमनभाऊंनी तो कॅन हात जोडून घेतला आणि अंगणात ठेवला.

जोडी मोठ्या टाकीत सुटली. एवढी जागा, एवढे दगड, कपारी. संत्रीचंच जुनं घर. पण दोघं कोपऱ्यात जाऊन काचेला चिकटली. तासभर झाला, हलेनात. जमलेली मंडळी कंटाळली. देवमनभाऊंचा चेहरा उतरला.

केशरबाई उठल्या. मागच्या खोलीतून तो करडा पाइप आणला, साबण न लावता गरम पाण्याने धुतला, तीन-तीनदा खळबळला.

"अवं, शोभा जाईन टाकीची!"

"शोभेत कोणाले राहाचं हाये? त्याईले का तुमाले?"

पाइप रंगीत दगडांच्या मधोमध जाऊन बसला, लग्नाच्या मांडवात कुणी न्हाणीचा नळ आणून ठेवावा तसा. संत्री आधी गेली. नवरदेव तिच्यामागून. दोन तोंडांतून दोन शेपट्या.

"इतका खर्च करून," देवानंदभाऊ म्हणाले, "मासोळीच्या ढुंगणाचं दर्शन."

सगळे हसत चहाला आत गेले. देवमनभाऊंना राहवेना. पाइप जरा तिरका बसला होता, सरळ करावा म्हणून त्यांनी बाही वर सारली आणि टाकीकडे निघाले. केशरबाई बैठकीच्या दारात आडव्या उभ्या होत्या.

"हात?"

देवमनभाऊंनी दोन्ही हात उलटेसुलटे करून दाखवले. कोपरापर्यंत ओले, साबणाचा वास येत होता.

"दुपट्टा?"

"बाहेर. खुंटीवर."

केशरबाईंनी एक पाऊल बाजूला घेतलं.

"मंग चला," त्या म्हणाल्या, "पुढं चला."